कपड्यांच्या नावांचे एकवचन-अनेकवचन: या चुका टाळा

‘लुगडे’ हे एकवचन, ‘फेटे’ हे अनेकवचन. शेवट दोन्हींचा सारखाच, म्हणून नुसता शेवट पाहून वचन ठरवू नका. ‘हे’, ‘ही’ लावूनही उलगडा होत नाही: हे लुगडे, हे फेटे, ही साडी, ही लुगडी. क्रियापदसुद्धा दगा देते. ‘ही साडी वाळली’ आणि ‘ही लुगडी वाळली’ यांत साडी एक आहे आणि लुगडी अनेक. ‘वाळली आहे’ आणि ‘वाळली आहेत’ असे लिहिले की मगच फरक दिसतो.

खात्रीची कसोटी एकच: शब्दाआधी ‘एक’ लावा. एक लुगडे, एक फेटा, एक साडी. म्हणून अनेकवचने लुगडी, फेटे, साड्या. झबले-झबली आणि उपरणे-उपरणी यांची चाल लुगड्याचीच. ही जोडी पक्की असली की ‘लुगडीला काठ आहेत’ असे लिहिले जात नाही. एकाला ‘लुगड्याला’, अनेकांना ‘लुगड्यांना’.

बोलण्यासारखे लिहिताना टिंबाचा घोळ होतो. ‘लुगडं’ एक असते, पण ‘धोतरं’ अनेक, कारण एकवचन ‘धोतर’ आहे. ‘माझं धोतरं कुठंय?’ हे वाक्य त्यामुळेच चुकते. टिंब दोन्हीकडे ‘ए’च्या जागी आले आहे, तो ‘ए’ एका शब्दात मूळचा आहे, दुसऱ्यात अनेकवचनाचा.

मधले टिंब मात्र सर्रास गळते आणि ते मला सगळ्यात जास्त खटकते. ‘कपड्याचे कपाट’, ‘साड्याच्या घड्या’ असे लिहू नका. कपडे अनेक, म्हणून कपड्यांचे. साड्या अनेक, म्हणून साड्यांच्या. ‘मोज्याला भोक पडले’ म्हणजे एकाच मोज्याला. दोन्ही फाटले असतील तर ‘मोज्यांना’. आणि ‘दोन मोजे’ म्हणजे एक जोड की दोन, हा संशय नको असेल तर ‘मोज्यांचे दोन जोड’ असे स्पष्ट लिहा.

‘कपडे’ आणि ‘कापडे’ही एक नव्हेत. कपडा-कपडे पुल्लिंगी, कापड-कापडे नपुंसकलिंगी: ओले कपडे, ओली कापडे. शिवायला आणतात ते कापड, अंगात घालतात ते कपडे. काही बोलींत कपड्यांनाच ‘कापडं’ म्हणतात, तिथे ती चूक नाही. प्रमाण लेखनात भेद पाळावा.

शर्ट, कोट, रुमाल, बूट हे शब्द अनेकवचनात तसेच राहतात. एक रुमाल, चार रुमाल. ‘बूट’मधला ऊ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ऱ्हस्व: बुटाला, बुटांना. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखननियमांत हे आलेले आहे. ‘चप्पल’चे अनेकवचन ‘चपला’, ‘चप्पला’ नव्हे.

इंग्रजीतून आलेल्या शब्दांना इंग्रजी शेपूट लावायची गरज नाही. ‘पाच शर्ट्स’ऐवजी ‘पाच शर्ट’ पुरते. इंग्रजीत पँट अनेकवचनी असली तरी मराठीत ती एकच: ‘माझी पँट फाटली’, ‘माझे पँट्स फाटले’ नव्हे. जीन्समधला ‘स’ मराठीत अनेकवचनाचा राहिलेला नाही, म्हणून ‘एक जीन्स घेतली, दोन जीन्स घेतल्या’. ‘शूज’ मात्र आधीच अनेकवचनी आहे; त्याचे ‘शूजेस’ करू नका. एकच हरवला असेल तर सरळ ‘एक बूट हरवला’ म्हणा.