साहेब आणि सहायिका यांचे जुळले, तर पुढे काय करावे

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे या औद्योगिक भागांतील लहान कारखान्यांत कार्यालय म्हणजे एक केबिन, बाहेर दोन-तीन टेबले आणि ई-वे बिलापासून हजेरीपर्यंत सगळे सांभाळणारी एक सहायिका, एवढाच पसारा असतो. तिचा पगार, रजा आणि नोकरी ज्याच्या सहीवर चालते, त्याचेच मन तिच्यावर जडले असेल, तर दोघांनी कसे वागावे ते येथे सांगितले आहे. दोघेही सज्ञान व अविवाहित आहेत, असे गृहीत धरले आहे.

साहेबाने विचारायचे असेल तर एकदाच विचारावे, आणि तेही केबिनचे दार लावून किंवा पगारवाढीच्या तोंडावर नव्हे. खानापूरची बस चुकली म्हणून तिला गाडीतून सोडायला जाताना तर मुळीच विचारू नये, कारण चालत्या गाडीत बसलेल्या मुलीला नकार देऊन उतरता येत नाही. "तुमचे उत्तर नाही असले तरी कामात काही बदलणार नाही," हे म्हणायला सोपे असते. ते खरे ठरायचे तर पुढच्या महिन्यात तिची रजा नेहमीसारखीच मंजूर झाली पाहिजे. "विचार करून सांगते" म्हणून तिने पुन्हा विषय काढला नाही, तर तो नकारच समजावा.

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा येथे दोघांनीही माहीत करून घ्यावा. नको असलेल्या लगटीबरोबर बढतीचे आमिष किंवा नोकरीची धमकी, मग ती आडून का असेना, आली की ते प्रकरण छळाचे ठरू शकते. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. त्याहून लहान आस्थापनेतील किंवा खुद्द मालकाविरुद्धची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, सर्वसाधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, करता येते.

होकार आला, तर फिरायला कोठे जायचे हे ठरवण्याआधी तिच्या पगाराचा, बोनसचा आणि रजेचा निर्णय दुसऱ्या भागीदाराकडे किंवा व्यवस्थापकाकडे सोपवावा आणि तसे लेखी नोंदवावे. मालक एकटाच असेल तर हा मार्ग बंद होतो आणि तिने नोकरी बदलणे उरते. अशा वेळी मुलीनेच उठून जावे ही आपल्याकडची रीत मला पटत नाही, पण ती स्वखुशीने जाणार असेल तर नव्या नोकरीचे नेमणूकपत्र हाती येईपर्यंत तिने राजीनामा देऊ नये. भेटवस्तूंचा आणि हॉटेलचा खर्च कंपनीच्या खात्यात घालू नये. ती बिले टॅलीत तिलाच चढवावी लागतात, आणि लेखापरीक्षणाच्या वेळी बोट तिच्याकडेच जाते.

लपवाछपवी फार काळ टिकत नाही, कारण गेटवरच्या वॉचमनच्या वहीत कोणाची गाडी किती वाजता बाहेर पडली ते लिहिलेले असते. म्हणून भागीदाराला आणि कार्यालयातील एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला मोजक्या शब्दांत सांगून टाकावे. घरी मात्र गल्लीतील पंचांकडून कळण्याआधी आपण होऊन सांगितलेले बरे.

लग्नाचे ठरले आणि मुलगी मराठा व मुलगा लिंगायत, असे आपल्याकडे सहज घडणारे जुळले असेल, तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात लिंगायतांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे त्या कायद्याखाली रीतसर लग्न करून नोंदणी करता येते. धर्म वेगळे असतील तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते, हे लक्षात ठेवून घरच्यांशी बोलण्याचा मुहूर्त काढावा. उपनिबंधक कार्यालयातील कागद कन्नडमध्ये असल्यास, ज्याला ती भाषा वाचता येत नाही त्याने तो पूर्ण वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

बिनसलेच, तर त्याच आठवड्यात तिची बदली करणे किंवा तिच्या कामात अचानक चुका काढू लागणे हे सूड उगवल्यासारखेच दिसेल, मग साहेबाचा हेतू काहीही असो. ती सोडून जाणार असेल तर जीएसटी व ई-वे बिलाचे पासवर्ड तिने लेखी यादी करून सोपवावेत आणि यादीच्या प्रतीवर पोच घ्यावी. शेवटचा पगार व अनुभवाचा दाखला भागीदाराच्या सहीने मिळावा, आणि त्या दाखल्यात कामापलीकडचे एक अक्षरही नसावे.