खोगीर-लगामाची भिंतीवरची मांडणी घरीच बनवा

माळेगावच्या यात्रेत घोडा घेताना माणूस दात बघतो, चाल बघतो, भोवरे बघतो आणि परतताना नवं खोगीर, लगाम, गोंडेही घेऊन येतो. घरी घोड्याला पत्र्याचं शेड मिळतं. खोगीर मात्र कडब्याच्या गंजीवर पडतं आणि लगाम चौकटीला ठोकलेल्या खिळ्यावर जातो. मग खोगिराच्या गाद्या एका अंगाला दबतात आणि लगामाचा पट्टा नेमका खिळ्याच्या जागी तडकतो. जुनं लाकूड, पाइपाचे तुकडे आणि एक मोकळा दिवस एवढ्यात यावर इलाज होतो.

आधी जागा ठरवा. घोडा बांधता तिथंच सामान नको. मुताचा उग्र वास, म्हणजे अमोनिया, कातडं आणि शिवण दोन्ही खातो, कड्या-बक्कलं गंजवतो. कडब्याच्या खोलीतही नको, कारण तिथं उंदीर असतात आणि घामाने खारट झालेले पट्टे ते आवडीने कुरतडतात. वारा खेळणारी, खिडकीला बारीक जाळी असलेली, थेट ऊन न येणारी खोली बघा. पत्र्याच्या अगदी खालीही मांडणी नको, एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या तापाने कातडं कडक पडतं.

आता भिंत. विटांच्या भिंतीत 10 मिमीचे फास्टनर चांगले बसतात. माळवदाच्या मातीच्या भिंतीत प्लग धरत नाही. तिथं जमिनीपासून तुळईपर्यंत दोन उभे खांब द्या आणि मांडणी खांबांना कसा. खांबाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, म्हणजे वाळवी सहज चढत नाही आणि चढलीच तर दिसते. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी अँगलला यू-बोल्टने पकडा.

खरं काम खोगिराच्या घोडीचं, म्हणजे खोगीर ज्यावर बसतं त्या आधाराचं. खोगिराचा भार दोन बाजूंच्या गाद्यांवर यायला हवा आणि कण्यावरची मधली पन्हळ मोकळी राहायला हवी. गोल बल्लीवर किंवा एकाच दांडीवर खोगीर ठेवलं की सगळा भार नेमका त्या पन्हळीवर येतो. म्हणून माप भिंतीचं नव्हे, खोगिराचं घ्या. जमिनीवर गोधडी अंथरून खोगीर उलटं ठेवा. जाड पुठ्ठा मधोमध आडवा धरून दोन्ही गाद्यांचा उतार पेन्सिलने उतरवून घ्या, कापा, परत लावून बघा. पुठ्ठा दोन्हीकडे सारखा टेकेपर्यंत छाटत राहा. या पायरीला घाई केली तर पुढचं सुतारकाम वाया जातं.

तो पुठ्ठा साचा म्हणून वापरून पाऊण इंच जाडीच्या लाकडाच्या दोन कैच्या, म्हणजे घोडीच्या पुढच्या-मागच्या टोकांचे उतरते आधार, कापा आणि त्यांचा माथा अडीच इंच सपाट करा. त्यांच्या दोन उतरत्या बाजूंवर 20 इंच लांब आणि 4 इंच रुंद अशा दोन फळ्या बसवा. वर मधे जी फट राहते ती बुजवू नका, पन्हळीला जागा आणि घामेजल्या गाद्यांना वारा तिथूनच मिळतो. स्क्रू शक्यतो आतून घ्या. बाहेरून घेतला तर डोकं लाकडात बुडवा, नाहीतर तेच डोकं गादी फाडेल. मागची कैची 16 इंच उंच पाठफळीला जोडा. दोन्ही कैच्यांच्या तळाला एक पट्टी द्या आणि त्या पट्टीपासून पाठफळीच्या खालच्या टोकापर्यंत तिरका टेकू मारा. सगळ्या कडा रंध्याने गोल करून 80 आणि मग 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा.

लाकूड जुन्या दाराचं सागवान असेल तर उत्तमच. बाभूळही चालते, फक्त वाळलेली घ्या आणि स्क्रूआधी ड्रिलने भोक पाडा, नाहीतर ती फाटते. फळ्यांवर रेक्झिन किंवा स्पंज लावायची हौस करू नका. पावसाळ्यात त्याखाली ओल धरते आणि बुरशी थेट खोगिराला लागते.

घोडी जमिनीपासून तीन फुटांवर लावा. दोन खोगिरं शेजारी असतील तर मधल्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंत अडीच फूट सोडा, म्हणजे रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) एकमेकांवर घासत नाहीत. खोगीर चढवण्याआधी 25 किलोची तांदळाची गोणी रात्रभर ठेवून बघा.

लगामाचं काम सोपं. चार इंची पीव्हीसी पाइपाचे तीन-तीन इंचांचे तुकडे कापा. ड्रेनेजच्या कामातून उरलेला तुकडाही पुरतो. पाइपात घट्ट बसेल अशी लाकडी चकती आधी आडव्या फळीला स्क्रूने पक्की करा, तिच्यावर पाइप चढवून बाजूने दोन छोटे स्क्रू मारा. पुढच्या तोंडाला थोडी मोठी चकती लावली की पट्टा घसरत नाही. डोक्यावरचा पट्टा या गोलाईवर आपसूक वळतो, त्याला घडी पडत नाही. दोन गोलांत नऊ इंच अंतर ठेवा आणि फळी सहा फुटांवर घ्या, म्हणजे वाग्या (हातात धरायचे लगामाचे पट्टे) जमिनीला लोळत नाहीत. मोहरकी (तोंडावरची दोरी), तंग (पोटाखालचा पट्टा), दुमची (शेपटीखालचा पट्टा) यांना हेच गोल चालतात.

नमदा (खोगिराखालची लोकरीची घडी) आणि झुलीसाठी एक इंची जीआय पाइपची आडवी दांडी द्या. घामाची बाजू वर ठेवून वाळवा, घडी नंतर घाला. वरातीची जरीची झूल मात्र वेगळी, सुती कापडात गुंडाळून ठेवा. तिच्या गोंड्यांत धूळ अडकली की झटकून जात नाही.

लोखंडी भागांना आधी रेड ऑक्साइड, मग ऑइल पेंट. रंग बोटाला चिकटायचा आणि वास यायचा पूर्ण थांबेपर्यंत त्यावर कातडी सामान ठेवू नका. श्रावणात आठवड्यातून एकदा खोगीर उचलून गाद्यांखाली हात फिरवा. दमट लागलं तर खोगीर तास-दोन तास सावलीच्या वाऱ्यात ठेवा, उन्हात नको.