सर्वधर्मीय भेटीची तयारी : हॉल नंतर, माणसं आधी

आपल्या भागातल्या वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांनी एकदा एकत्र बसावं असं मनात असेल तर सगळ्यात आधी टीम जमवा, हॉल, बॅनर, तारीख हे सगळं नंतर. बऱ्याचदा होतं काय की एकाच समाजाचे चार उत्साही लोक सगळं ठरवून टाकतात आणि बाकीच्यांना फक्त आमंत्रण जातं, मग ते पाहुण्यासारखे येतात, पाहुण्यासारखे बसतात आणि निघून जातात, ओळख काही होत नाही. म्हणून अगदी पहिल्या मीटिंगलाच प्रत्येक धर्माचे निदान दोघं तरी हवेत, कारण एकटाच असला की तो आपोआप अख्ख्या समाजाचा प्रवक्ता होऊन बसतो आणि त्याच्यावर उगाच ओझं येतं. बायका हव्यात, कॉलेजातली पोरं हवीत, आणि कुठलाच धर्म न मानणारं कोणी यायला तयार असेल तर त्यांनाही घ्या. धर्मगुरूंना आधी जाऊन भेटा, त्यांचा पाठिंबा फार उपयोगी पडतो, पण टीम फक्त त्यांचीच करू नका. खर्चही सगळ्यांनी वाटून घ्यायचा, रक्कम कमीजास्त असली तरी चालेल, पण यजमान सगळेच असले पाहिजेत.

हे मी एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच मांडलं होतं की नुसतं शेजारी बसून पूर्वग्रह जात नाहीत, त्यासाठी दोन्हीकडची माणसं बरोबरीच्या नात्याने भेटावी लागतात, उद्दिष्ट एक असावं लागतं, ते मिळून गाठावं लागतं आणि समाजातल्या मान्यवरांचा किंवा संस्थांचा त्याला पाठिंबा लागतो. तयारी करताना हे चार मुद्दे डोक्यात ठेवले की अर्धे निर्णय आपोआप सुटतात.

आता तारीख. शुक्रवारी दुपारी जुम्म्याची नमाज, शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत ज्यू लोकांचा शब्बाथ, रविवारी सकाळी चर्च, म्हणजे रविवारची दुपार किंवा मधल्या वारातली संध्याकाळ बरी पडते. सणांची यादी दरवर्षी नवीन काढा, कारण मुस्लिम कालगणनेचं हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान असतं त्यामुळे रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो, बहाई धर्माच्या लोकांचे मार्चमध्ये 19 दिवस उपवास असतात, आणि बऱ्याच ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा नाताळ 7 जानेवारीला असतो. काहीच निमित्त सुचत नसेल तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा घ्या, संयुक्त राष्ट्रांनी 2010 मध्ये ठराव करून तो जागतिक सर्वधर्म सलोखा सप्ताह ठरवलाय.

जागा पहिल्या वेळी तरी कुणाच्याच प्रार्थनास्थळाची नको, शाळा किंवा वाचनालय चालेल, एकमेकांच्या प्रार्थनास्थळी जाणं पुढच्या भेटींसाठी ठेवा आणि तेव्हा बूट, डोकं झाकणं, बसायची पद्धत हे आधीच मेसेजमध्ये कळवा म्हणजे दारात कोणी अवघडणार नाही. नमाजेसाठी एक शांत कोपरा आणि हातपाय धुवायला पाणी, व्हीलचेअर आत येते का, लहान मुलं कुठे खेळणार, हेही बघून घ्या.

खाण्याचं सगळ्यात सोपं उत्तर म्हणजे पूर्ण शाकाहारी, अंडं नाही, दारू तर नाहीच, कांदा-लसूण-बटाटा नसलेला एखादा पदार्थ आणि प्रत्येक भांड्यासमोर त्यात काय काय आहे त्याची चिठ्ठी. जिलेटिनकडे लक्ष ठेवा, ते जनावरापासून येतं आणि गोड पदार्थांत लपलेलं असतं. कोशर म्हणजे ज्यू लोकांचे खाण्याचे नियम, ते कडक पाळणाऱ्यांना इतरांची भांडीसुद्धा चालत नाहीत, त्यांच्यासाठी अख्खी फळं आणि कोशर शिक्क्याची बंद पाकिटं ठेवा. जैन मंडळी येणार असतील तर जेवण सूर्यास्ताच्या आत उरका. आणि मुख्य म्हणजे अंदाज बांधत बसू नका, नाव नोंदवतानाच प्रत्येकाला विचारा.

कार्यक्रमात भाषणं ठेवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. 1893 ची शिकागोची सर्वधर्म परिषद भाषणांनी गाजली हे खरं, पण तिथे हजारोंचा श्रोतृवर्ग होता आणि आपण असणार तीस-चाळीस जण. पाच-सहा जणांचे गोल करा, बसायची जागा चिठ्ठ्या काढून द्या नाहीतर सगळे आपापल्या ओळखीच्यांजवळच बसतात, आणि प्रश्न असे द्या की उत्तर प्रत्येकाकडे असेल, म्हणजे लहानपणी सणाच्या दिवशी घरात काय चालायचं, कठीण काळात कशाचा आधार वाटला, वगैरे. सुरुवातीलाच नियम वाचून दाखवा : धर्मप्रचार नाही, वादविवाद नाही, प्रत्येकाने स्वतःपुरतं बोलायचं, आणि दूर कुठेतरी घडलेल्या घटनेचा जाब समोरच्याला विचारायचा नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण जिव्हाळ्याने आलेला माणूस तिथेच दुखावला जातो आणि परत येत नाही. प्रत्येक गोलात शांतपणे विषय वळवू शकेल असा एक जण आधीच नेमून ठेवा.

सामूहिक प्रार्थना घ्यायची का यावर टीममध्ये मोकळेपणाने बोला, काहींना दुसऱ्याच्या प्रार्थनेत सामील होणं पटत नाही आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. 1986 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी इटलीतल्या असिसीला सगळ्या धर्मांच्या प्रतिनिधींना बोलावलं तेव्हाही आधी प्रत्येकाने वेगवेगळ्या जागी आपापली प्रार्थना केली आणि मग सगळे एकत्र आले. दोन मिनिटं शांत बसणं बहुतेकांना चालतं. हस्तांदोलनासाठी समोरच्याने हात पुढे केला तरच करा, आणि फोटो विचारूनच, मुलांचे तर आईवडिलांच्या होकाराशिवाय अजिबात नाही.

पुढच्या भेटीची तारीख मात्र याच दिवशी, लोक उठायच्या आत ठरवा, महिन्याच्या आतली, आणि ती भेट कामाची ठेवा. साफसफाई, झाडं लावणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाणं, काहीही, फक्त प्रत्येक तुकडी मिसळलेली हवी. रक्तदान पटकन सुचतं पण उपवासाच्या दिवसांत ते अवघड जातं आणि यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त देत-घेत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. जाताना प्रत्येक समाजातल्या दोघांचे नंबर त्यांच्या परवानगीने टीमकडे घेऊन ठेवा, आणि एक गोष्ट तिथेच ठरवून टाका की कुठल्याही समाजाबद्दल भडकाऊ मेसेज आला तर तो पुढे पाठवायच्या आधी त्या समाजातल्या आपल्या माणसाला फोन करायचा, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत.