मोबाईल गेम आणि आपली मुले : ख्रिस्ती घरांनी या चुका टाळाव्यात

रविवारच्या उपासनेत मागच्या बाकावरचा मुलगा गीतांचे पुस्तक उघडून उभा असतो, ओठही हलत असतात. पण हनुवटीवर निळसर उजेड पडलेला असतो आणि पुस्तकाच्या आड अंगठा चाललेला असतो. कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीत संडे स्कूलचे वर्ग घेताना हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता मला त्या मुलांइतकीच त्यांच्या घरांची काळजी वाटते. आईवडिलांना हे सगळे दिसत असते, पण दिसल्यावर ते जे करतात त्यात चुका होतात. त्यांतल्या काही माझ्या हातूनही झाल्या आहेत.

‘सैतानाचे यंत्र’ म्हणून मोकळे होणे

असे म्हटले की आपल्याला काही तरी केल्यासारखे वाटते, मुलाला मात्र त्यातून काहीच कळत नाही, कारण त्याच मोबाईलवर वडील सकाळी वचन ऐकतात आणि आई विजेचे बिल भरते. गेम मुलाला का धरून ठेवतो, हे आधी आपण समजून घ्यावे. रोज गेम उघडला की बक्षीस मिळते, एक दिवस चुकला की साखळी तुटते. बक्षिसाच्या पेटीत काय निघेल हे आधी ठाऊक नसते, आणि बक्षीस कधी लागेल याचा नेम नसला की माणूस पुन्हा पुन्हा हात घालत राहतो, हे मानसशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. ही सगळी रचना विचारपूर्वक केलेली असते, हे मुलालाही सांगावे. पौलाने करिंथच्या मंडळीला जे लिहिले (१ करिंथ ६:१२) ते इथे नेमके लागू पडते: मुभा सगळ्याची असली तरी आपण कशाच्याही ताब्यात जाणार नाही, असे तो म्हणतो. ‘तू गेम थांबवतोस, की गेम तुला थांबवून ठेवतो?’ हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलाला पापाच्या प्रवचनापेक्षा लवकर कळतो.

ऐन खेळात मोबाईल हिसकावणे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान या चुकीने होते. एका संध्याकाळी पाने वाढून झाली होती, भाकरी निवत चालली होती, आणि तीन हाका मारूनही धाकटा उठेना, तेव्हा मी त्याच्या हातातून मोबाईल ओढून घेतला. त्याने ताट बाजूला सारले आणि रडत म्हणाला, ‘पप्पा, माझ्यामुळं बाकीची तिघं हरली.’ त्या रात्री प्रार्थनेला तो बसला, पण ‘आमेन’ म्हणाला नाही. नंतर मी त्याच्याजवळ बसून तो खेळ पाहिला, तेव्हा समजले की चौघांच्या संघाने खेळायच्या त्या गेमची एक फेरी अर्ध्या तासापर्यंत चालते आणि ती मध्येच थांबवता येत नाही. तेव्हापासून आमच्या घरी मिनिटांचा नव्हे, फेऱ्यांचा हिशेब आहे: दोन फेऱ्या, आणि दुसरी जेवणाच्या पाऊण तास आधी सुरू झाली पाहिजे. मुलांना चिरडीस आणू नका, हे इफिसकरांस पत्रात (६:४) बापांनाच उद्देशून सांगितले आहे, याचा अर्थ मला त्या ताटापाशी कळला.

याच चुकीचा दुसरा भाग असा की मोबाईल काढून घेतला जातो आणि त्या जागी काहीच दिले जात नाही. मत्तयाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू ज्या घराविषयी बोलतो ते झाडलेले आणि सजवलेले आहे, पण रिकामे आहे. म्हणूनच निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. संध्याकाळी सहा ते नऊ हे आपल्या मुलांचे रिकामे घर आहे. कोल्हापुरात यावर उपाय शोधायला लांब जावे लागत नाही, कारण इथे तालमी-तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवरच्या सामन्याला अख्खी पेठ लोटते. रविवारी सकाळी सराव असतो म्हणून आपल्यातले काही पालक मुलांना पाठवत नाहीत. त्यांनी प्रशिक्षकांशी बोलून उपासनेची वेळ तेवढी मोकळी करून घ्यावी. दमून आलेला मुलगा मोबाईल मागतो, पण तो हातात धरूनच झोपी जातो.

मोठ्यांनी स्वतःला वगळणे

घरी बसता, वाटेने चालता, निजता आणि उठता मुलांशी वचनाविषयी बोलावे, असे पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. यांतली प्रत्येक वेळ आज आपण स्वतःच मोबाईलला दिली आहे. कौटुंबिक प्रार्थनेत वचन मोबाईलवर वाचू नये, असे मी आग्रहाने सांगतो. स्तोत्र वाचता वाचता वर निरोपाची पट्टी सरकते, वाचणाऱ्याची नजर क्षणभर तिकडे जाते, आणि समोरची मुले ते बरोबर टिपतात. छापील पवित्र शास्त्र घ्यावे आणि सगळ्यांचे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, रात्रीही तिथेच चार्जिंगला लावावेत.

लहानग्यांना भरवताना समोर मोबाईल धरणे हीही मोठ्यांचीच चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की एक वर्षाच्या आतील बाळाला पडदा दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको.

पिन मुलाला ठाऊक असणे

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण गेममधले कपडे आणि बंदुका विकत घेणे त्यात येत नाही. यूपीआयचा पिन मुलाला सांगू नये आणि ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करावी.

मंडळीत कळेल म्हणून लपवणे

खेळावर ताबा उरला नाही, शाळा, झोप आणि माणसे मागे पडली, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहिला आणि हे साधारण वर्षभर टिकले, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार तो आजार आहे. १ जानेवारी २०२२ पासून ते वर्गीकरण लागू आहे. अशा मुलासाठी पाळकांना घरी बोलावून प्रार्थना जरूर करावी, पण डॉक्टर टाळू नये. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उघडले, तेव्हापासून या भागातली आपली माणसे प्रार्थना करून औषध घेत आली आहेत. मानसोपचाराचाच तेवढा संकोच का धरावा? टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. फोन करण्यापूर्वी मूल किती वाजता झोपले, किती तास खेळले, शाळा किती दिवस बुडाली आणि मोबाईल मागितल्यावर ते कसे वागले, याची आठवडाभराची नोंद वहीत करून ठेवावी, आणि ती त्याच्या देखत, त्याला सांगून करावी.