जुनं पेजमेकर नव्या कॉम्प्युटरवर चालवायचंय? व्हर्च्युअल मशीन असं बसवा

नौपाड्यात माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या विंडोज एक्सपीवाल्या पीसीचा मदरबोर्ड गेला. विंडोज ११ चा नवा कॉम्प्युटर आला, पण वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं होती पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. त्यातला मजकूर नुसता उचलून नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण ते जुने फाँट युनिकोड (सगळीकडे सारखं वाचलं जाणारं अक्षरांचं मानक) नाहीत. म्हणून आम्ही जुनी विंडोजच नव्या कॉम्प्युटरच्या आत बसवली.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. तुमच्या रॅम आणि डिस्कचा एक तुकडा घेऊन तो स्वतंत्र पीसीसारखा वागतो. आम्ही ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स वापरलं, ते मोफत आहे. एआरएम प्रोसेसरच्या लॅपटॉपवर मात्र ही पद्धत चालणार नाही.

आधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू उघडा. व्हर्च्युअलायझेशन ‘एनेबल्ड’ दिसायला हवं. नसेल तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन इंटेलसाठी व्हीटी-एक्स किंवा एएमडीसाठी एसव्हीएम चालू करा.

एक्सपीची सीडी आणि की परवान्याची हवी. जुन्या पीसीबरोबर आलेली ओईएम प्रत त्या पीसीपुरतीच असते, हे लक्षात घ्या. सीडीची आयएसओ फाइल, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, करून घ्या.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये ‘न्यू’ दाबा, आयएसओ दाखवा आणि प्रकार विंडोज एक्सपी, ३२ बिट निवडा. अनअटेंडेड (आपोआप होणारं) इन्स्टॉलेशन बंद ठेवा. १ जीबी रॅम आणि २० जीबी डिस्क पुरते. डिस्क आयडीई (जुन्या पद्धतीच्या डिस्क-जोडणीच्या) कंट्रोलरवरच असू द्या. साटा या नव्या जोडणीचा ड्रायव्हर सीडीत नसल्याने साटावर निळा स्क्रीन येतो. सेटिंग्जमध्ये यूएसबी २.० ठेवा, कारण एक्सपीला ३.० कळत नाही. मग स्टार्ट करून नेहमीसारखी विंडोज बसवा. खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं आणि सगळं रखडत चाललं, तर विंडोज ११ च्या हायपर-व्हीने (विंडोजच्याच व्हर्च्युअल मशीन यंत्रणेने) प्रोसेसर अडवलाय. विंडोज सिक्युरिटीतली मेमरी इंटिग्रिटी बंद केल्यावर बऱ्याचदा वेग परत येतो, पण ते एक संरक्षण आहे. वेग चालण्यासारखा असेल तर त्याला हात लावू नका.

मशीनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क ॲडाप्टरची खूण काढाच. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबवले, त्यामुळे या मशीनला इंटरनेट द्यायचं नाही.

आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला तो लॉकमध्ये, म्हणजे पीसीला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही त्या छोट्या तुकड्यात. मराठी टायपिंगच्या बऱ्याच जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक लागतं. ते लावून चालू मशीनच्या ‘डिव्हायसेस’ मेन्यूतून यूएसबीत जा आणि त्याच्यावर खूण करा. आता ते फक्त एक्सपीला दिसेल. दर वेळी हा खटाटोप नको असेल तर सेटिंग्जमध्ये त्याचा यूएसबी फिल्टर जोडून ठेवा. प्रिंटर पोर्टवरचं जुनं लॉक असेल तर इथे वेळ घालवू नका, विक्रेत्याकडे यूएसबीचं मागा.

फाइलींची ने-आण शेअर्ड फोल्डरने, म्हणजे दोन्ही विंडोजना दिसणाऱ्या फोल्डरने होते. त्यासाठी ‘डिव्हायसेस’ मेन्यूतूनच गेस्ट ॲडिशन्सची (व्हर्च्युअलबॉक्सच्या जोड-सॉफ्टवेअरची) सीडी घालून एक्सपीच्या आत इन्स्टॉल करा. शेअर्ड फोल्डरला इंटरनेट लागत नाही. ते जमलं नाही तर पेनड्राइव्ह वापरा. छपाईची पीडीएफ आत बनवून बाहेर आणा.

पेजमेकर आणि फाँट नीट चालले की लगेच स्नॅपशॉट घ्या. पुढे काही बिघडलं तर तिथे परतता येतं. पण परतलात की मशीनच्या डिस्कवर नंतर केलेलं काम पुसलं जातं, म्हणून कामाच्या फाइली शेअर्ड फोल्डरमध्येच ठेवा. शिवाय स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. मशीन बंद करून त्याचं अख्खं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. मामा ती डिस्क दुकानात ठेवत नाहीत, घरच्या कपाटात ठेवतात.