ज्येष्ठांच्या बुद्धीला पोषक परिसर कसा पारखावा आणि कसा घडवावा

आई-वडिलांचा विसराळूपणा वाढू लागला की मुले बदाम, शब्दकोडी आणि मोबाइलवरील खेळ यांच्याकडे वळतात. वडील ज्या गल्लीत रोज पाऊल टाकतात किंवा टाकायचे थांबले आहेत, त्या गल्लीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञगटाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता किंवा कमी करता येण्याजोगी कारणे मांडली आणि ती सर्व दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के रुग्णांमध्ये हा विकार टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज दिला. त्या यादीतील शारीरिक हालचालींचा अभाव, एकटेपणा, नैराश्य आणि हवेचे प्रदूषण यांचा माणूस कोठे व कोणाच्या शेजारी राहतो याच्याशी थेट संबंध आहे. भारतात साठीच्या पुढील सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे अंदाजे ८८ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत आढळले, तेव्हा हा प्रश्न आपल्या घरापासून फार दूरचा नाही.

सुरुवात पाहणीने करावी. ज्येष्ठ व्यक्तीबरोबर, तिच्याच वेगाने, घरापासून पंधरा मिनिटांच्या अंतरात चारही दिशांना वेगवेगळ्या दिवशी फिरून यावे आणि ती कोठे थबकते, कोठे हात धरते, कोठे बसायला जागा शोधते व तिला नावाने हाक मारणारी किती माणसे भेटतात, हे वहीत टिपून ठेवावे. यातील शेवटची नोंद सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ओळखीच्या माणसाशी उभ्या उभ्या केलेल्या पाच मिनिटांच्या गप्पांत चेहरा ओळखणे, मागचा संदर्भ आठवणे, शब्द शोधणे आणि समोरच्याचा रोख जाणणे ही सगळी कामे मेंदूला एकदम करावी लागतात. शब्दकोड्यात त्यांपैकी एखाद-दुसरेच काम असते. स्वच्छतागृह किती अंतरावर आहे हेही पाहावे. लघवीच्या धास्तीने बाहेर पडणे आणि पाणी पिणे दोन्ही कमी करणाऱ्या ज्येष्ठांची, विशेषतः महिलांची, संख्या मोठी असते व घरात त्याबद्दल कोणी बोलत नाही.

पाहणीत सापडणारे अडथळे बहुधा किरकोळ दिसतात: झाकण नसलेले गटार, दुचाकींनी अडवलेला पदपथ, बंद पडलेला पथदिवा, कठडा नसलेल्या दोन पायऱ्या, कोपऱ्यावरची भटकी कुत्री. परंतु एकदा पडलेला किंवा पडता पडता वाचलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही, आणि एक वाट सुटली की त्या वाटेवरची माणसेही सुटतात. महापालिकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार देताना ‘रस्ता खराब आहे’ असे मोघम न लिहिता ठिकाण, जवळची खूण आणि छायाचित्र द्यावे व शेजाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात. बसण्याच्या बाकासाठी मात्र कार्यालयाची वाट पाहण्याचे कारण नाही. गल्लीतील तरुण मंडळाने मनावर घेतले तर तो गणपतीच्या आधीच बसतो.

अडथळे दूर झाले तरी बाहेर पडायला निमित्त लागते, आणि या बाबतीत कोल्हापूरच्या जुन्या पेठा श्रीमंत आहेत. तालमीच्या कट्ट्यावर बसलेले आजोबा कुस्ती सोडून किती वर्षे झाली हे कोणी विचारत नाही. पेठेच्या फुटबॉल संघाने काल गोल कसा घालवला यावर त्यांचे मत तेवढ्याच गांभीर्याने ऐकले जाते. गंगावेशीतला दूध कट्टा, कपिलतीर्थ मार्केटमधली भाजी, १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर, रंकाळ्यावरची सकाळची फेरी ही सर्व अशी निमित्ते आहेत. म्हणून आजोबांकडे एक नक्की काम सोपवावे: दूध आणणे, पुस्तक बदलणे, वीजबिल भरणे. ‘आबा, तुम्ही कशाला त्रास घेता’ म्हणून सगळे सामान मोबाइलवरून घरपोच मागवणारा मुलगा मायेपोटीच तसे करतो, पण त्यामुळे हिशेब, वाट आणि संवाद ही तिन्ही कामे त्यांच्या हातून जातात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आजींचा विचार वेगळा करावा लागतो. तालमीचा कट्टा त्यांचा नसतो, आणि पती गेल्यावर हळदी-कुंकवाचे आमंत्रणही अनेक ठिकाणी बंद होते. ही रीत बुद्धीच्या आरोग्याला सरळ मारक आहे आणि ती मोडायला हवी. भजनी मंडळ हा उत्तम उपाय ठरतो, कारण त्यात पाठांतर, ताल आणि ठरलेला वार आहे. भिशीचे हिशेब ज्या आजी ठेवत आल्या असतील, त्यांच्याकडून ते काम काढून घेऊ नये.

सर्वांत जपून करण्याची गोष्ट म्हणजे घर बदलणे. २०११ च्या त्सुनामीनंतर जपानमधील इवानुमा शहरात झालेल्या अभ्यासांत, घर गमावलेल्या ज्येष्ठांची बौद्धिक क्षमता अधिक घसरल्याचे आढळले. आणि शेजाऱ्यांसह समूहाने स्थलांतरित झालेल्यांचे आपसातील येणे-जाणे एकेकटे हलवलेल्यांपेक्षा चांगले टिकले. पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपल्या शहराने यातून घ्यायचे ते असे, की पुराच्या काळात एका गल्लीतील ज्येष्ठांना शक्यतो एकाच निवाऱ्यात ठेवावे. शिवाजी पेठेतील घर सोडून उपनगरात फ्लॅट घ्यायचाच असेल, तर आधी काही आठवडे ज्येष्ठांना तेथे नेऊन-आणून वाट पायाखालची करावी, खाली चालत जाता येईल असे एखादे दुकान व मंदिर आहे का पाहावे आणि जुन्या पेठेत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी जाणे चालू ठेवावे. गावी जाण्यासाठी एसटीत ७५ वर्षांवरील नागरिकांना मोफत व ६५ ते ७५ वयोगटाला निम्म्या दरात प्रवास आहे. त्याचा उपयोग करून घ्यावा.

ऐकू कमी येत असेल तर वरील सारे व्यर्थ जाते, कारण कट्ट्यावर बसूनही माणूस एकटाच राहतो. अमेरिकेतील २०२३ च्या एका चाचणीत, आधीपासून धोका अधिक असलेल्या ज्येष्ठांमध्ये श्रवणयंत्र व त्यासोबतच्या मार्गदर्शनामुळे तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. फिरण्याची वेळ वाहनांची वर्दळ टाळून निवडावी आणि कचरा किंवा उसाचे पाचट जळत असेल त्या दिवशी ती वाट बदलावी.

येथे एक सावधगिरी बाळगावी. माणूस बाहेर पडत नाही म्हणून बुद्धी मंदावते, तसेच बुद्धी मंदावू लागली म्हणूनही तो बाहेर पडायचे टाळतो. रोजच्या रस्त्यावर चुकणे, सुट्या पैशांचा गोंधळ होणे, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे ही लक्षणे दिसल्यास वयावर न ढकलता डॉक्टरांकडे जावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांवर उपचार होऊ शकतात. स्मृतिभ्रंशाचे निदान झालेच, तरी त्या व्यक्तीला घरात कोंडू नये: वाटेवरील दुकानदारांना कल्पना द्यावी, खिशात नाव आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेले कार्ड ठेवावे आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांक घरातील सर्वांनी जतन करून ठेवावा.