कीबोर्डवरच्या बोटांचा हिशेब

नाशिकमधल्या माझ्या पहिल्या नोकरीत अँड्रॉइडसाठी मराठी कीबोर्ड तयार करण्याचे काम वाट्याला आले, आणि त्यातला सर्वांत किचकट भाग अक्षरांचा नसून स्पर्शांचा आहे, हे लवकरच लक्षात आले. प्रत्येक कळ हे स्वतंत्र बटण मानण्याचा मोह नवोदितांना होतो. एका बोटाने टाइप करणाऱ्यापुरते ते चालतेही. परंतु दोन्ही अंगठे वापरणारा माणूस पहिला अंगठा उचलण्याआधीच दुसरा टेकवतो, आणि अक्षर बोट उचलल्यावर उमटवायचे ठरवले असेल तर क्रम बिघडतो. ‘द्राक्ष’ लिहिताना ‘द’वरचा अंगठा हलन्तावरच्या (अक्षराचा पाय मोडणाऱ्या चिन्हावरच्या) अंगठ्यानंतर सुटला, की हलन्त आधी पडतो आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकतो. (द्राक्षांच्या जिल्ह्यात हे पाहणे जरा जास्तच बोचते.)

म्हणून संपूर्ण कीबोर्ड हा एकच व्ह्यू (स्पर्श स्वीकारणारा पडद्यावरचा घटक) ठेवावा आणि प्रत्येक बोटाची नोंद त्याच्या पॉइंटर आयडीवरून, म्हणजे अँड्रॉइडने त्या बोटाला दिलेल्या ओळखक्रमांकावरून करावी. पहिले बोट टेकल्यावर ‘ॲक्शन डाउन’ ही सूचना येते, पुढच्या बोटांसाठी ‘ॲक्शन पॉइंटर डाउन’. पॉइंटर इंडेक्सवर (त्या क्षणीच्या यादीतल्या बोटाच्या स्थानावर) मात्र विसंबू नये, कारण पहिले बोट उचलताच दुसऱ्याचा इंडेक्स बदलू शकतो. आयडी बोट उचलेपर्यंत तोच राहतो. दुसरे बोट टेकताच पहिल्याचे अक्षर लगेच उमटवावे आणि ते बोट नंतर उचलले गेल्याची सूचना सोडून द्यावी. ‘ॲक्शन मूव्ह’मध्ये सगळ्या बोटांच्या जागा एकत्र येतात, तेव्हा त्या सर्व तपासाव्या लागतात.

‘ॲक्शन कॅन्सल’कडे, म्हणजे स्पर्श मध्येच रद्द झाल्याच्या सूचनेकडे, बहुतेकांचे दुर्लक्ष होते. खोडण्याची कळ दाबून धरलेली असताना ती आली आणि पुन्हा पुन्हा खोडणारा टायमर थांबवला नाही, तर बोट नसतानाही मजकूर खोडला जात राहतो. दीर्घ दाबाचा कालावधीही स्वतःच्या मनाने न ठरवता ‘व्ह्यूकॉन्फिगरेशन’ या अँड्रॉइडच्या क्लासकडून घ्यावा, कारण वापरणारा तो सेटिंगमध्ये बदलू शकतो.

एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) माउसने केलेल्या चाचणीत यातले फारसे काही दिसत नाही. खऱ्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधले, बोटांच्या जागा पडद्यावर दाखवणारे ‘पॉइंटर लोकेशन’ सुरू करावे आणि नाशिकरोडहून सीबीएसकडे (मध्यवर्ती बसस्थानकाकडे) जाणाऱ्या बसमध्ये, जागा मिळाल्यावर, दोन्ही अंगठ्यांनी भरभर जोडाक्षरे लिहून पाहावीत.